अमोनियावर चालणारं कोल्ड स्टोरेज: नाशिकमध्ये परवानगी कुणाची, कागद कोणते

द्राक्षाचं प्री-कूलिंग असो की कांदा-टोमॅटोवरची प्रक्रिया, नवा प्लांट काढणाऱ्याची चौकशी बहुधा अनुदानापासून सुरू होते. यंत्रणा अमोनियावर चालणार असेल तर त्याआधी दोन आकडे पक्के करा: यंत्रणेत एकूण किती किलो अमोनिया भरणार आणि कामावर जास्तीत जास्त किती माणसं असणार. पुढची जवळजवळ सगळी कागदपत्रं यांवरच ठरतात.

वीज वापरून काम चालत असेल आणि कामगार 20 किंवा जास्त असतील तर तो कारखाना. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही हाच आकडा आहे. ‘आम्ही काही बनवत नाही, फक्त माल ठेवतो’ हे म्हणणं टिकत नाही, कारण शीतगृहात माल साठवणं हीसुद्धा कायद्याने उत्पादन प्रक्रियाच. ठेकेदाराची माणसंही मोजणीत येतात. मागच्या बारा महिन्यांत एका दिवशी जरी संख्या भरली तरी पुरे, म्हणजे हंगामातल्या पॅकिंगच्या बायका धरूनच हिशोब करा.

पहिला अर्ज औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, नकाशा मंजुरीचा. तो ऑनलाइन भरायचा आणि पाया खणण्याआधी भरायचा. सोबत जागेचा पुरावा (एमआयडीसीचं वाटपपत्र, नाहीतर सातबारा आणि बिगरशेती आदेश), भागीदारीपत्र किंवा कंपनीची कागदपत्रं, प्रक्रियेचा फ्लो चार्ट, यंत्रांची यादी अश्वशक्तीसह आणि अमोनियाचं सुरक्षा माहितीपत्रक ठेवा. पोर्टलवरची ताजी यादी मात्र एकदा पाहून घ्या, नव्या संहितेमुळे नमुन्यांची नावं बदलू शकतात.

माझ्या मते खरी मेहनत ड्रॉइंगवर घ्यावी. कॉम्प्रेसर रूम पॅकिंग हॉलला खेटून आणि दार आतल्या बाजूला, असा नकाशा देऊच नका. रूमला बाहेर उघडणारी दोन दारं दाखवा. एक्झॉस्ट फॅन आणि त्याचं खोलीबाहेरचं बटण, गॅस डिटेक्टर, सेफ्टी व्हॉल्व्हचा पाइप छताच्या वर नेलेला, वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी आणि डोळे धुण्याची जागा, हे सगळं कागदावर दिसू द्या. अमोनिया −33 अंशांना उकळतो. वायू कोरडा असेल तर हवेपेक्षा हलका, पण द्रवरूपात सुटला की थंड पांढरं धुकं होऊन जमिनीलगत पसरतो. म्हणून डिटेक्टर आणि बाहेर पडायच्या वाटा दोन्ही शक्यता धरून ठरवाव्या लागतात.

आणखी एक जागा रिसीव्हरच्या (द्रव अमोनिया साठणाऱ्या टाकीच्या) तळाशी, कॉम्प्रेसरमधून येऊन साठलेलं तेल काढायच्या कॉकची. तेल संपून मागून द्रव अमोनिया कधी येईल याचा नेम नसतो आणि ऑपरेटर कॉक उघडा टाकून चहाला गेला की संपलंच. तिथे हात सोडताच आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह लावा. खर्च किरकोळ आहे.

बांधकाम झालं की कारखाना परवान्याचा अर्ज. त्याला इमारतीचं स्थिरता प्रमाणपत्र लागतं. शुल्क कामगार आणि अश्वशक्ती पाहून ठरतं. भोगवटादार (कारखान्यावर अंतिम ताबा असणारी व्यक्ती) म्हणून कंपनीत संचालकाचंच नाव द्यावं लागतं, मॅनेजरचं चालत नाही.

समांतर कामं: प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची आणि नंतर चालवण्याची संमती, अन्न परवाना आणि हद्दीप्रमाणे एमआयडीसी किंवा महापालिकेच्या अग्निशमन खात्याची एनओसी. अमोनियाचे भरलेले सिलिंडर एका वेळी 5 पेक्षा जास्त ठेवणार असाल, किंवा 1000 लिटरपेक्षा मोठी वेगळी साठवण टाकी असेल, तर पेसोचा (स्फोटकं आणि दाबाखालच्या वायूंवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचा) परवाना पाहा.

1989 च्या घातक रसायन नियमांतल्या मोठ्या धोक्याच्या तरतुदी मोठ्या साठ्यालाच लागतात, मध्यम शीतगृह बहुतेक वेळा त्याखाली येत नाही. तरी धोके ओळखणं, कामगारांना प्रशिक्षण आणि सुरक्षा साधनं देणं सुटत नाही. श्वसनयंत्राचे निदान दोन संच ठेवा, आणि तेही कॉम्प्रेसर रूमच्या बाहेर. आत कपाटात ठेवलेला संच गळतीच्या वेळी कोण आणायला जाणार?

परवान्यानंतर दाबपात्रांची (रिसीव्हरसारख्या दाबाखालच्या टाक्यांची) बाहेरून तपासणी सहा महिन्यांनी आणि आतून वर्षातून एकदा, मान्यताप्राप्त सक्षम व्यक्तीकडून. अग्निसुरक्षेचं ‘बी’ नमुन्यातलं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. जानेवारीत इथे द्राक्षाची गाडी सुरू झालेली असते, त्यामुळे परवानाधारक एजन्सीची तारीख डिसेंबरातच घेऊन ठेवा.