कोळशाचे रासायनिक शुद्धीकरण

कोळशातील खनिजे आम्ल, अल्कली यांसारख्या रसायनांनी विरघळवून काढण्याची आणि त्यायोगे त्याची राख कमी करण्याची प्रक्रिया. खरे तर कोळशात राख नसते, खनिजे असतात. केओलिनाइटसारखी मृद्‌खनिजे (म्हणजे माती), क्वार्ट्‌झ (सिलिका), पायराइट (लोह आणि गंधकाचे संयुग), कॅल्साइट आणि सिडेराइट ही कार्बोनेटे ही त्यांतली नेहमीची. कोळसा जळताना मातीतले पाणी उडून जाते, कार्बोनेटांतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पायराइटचे लोह ऑक्साइड होते. मागे उरते ती राख. म्हणून राखेचे वजन मूळ खनिजांपेक्षा कमी भरते. अमेरिकन रसायनज्ञ पार यांच्या सूत्रानुसार खनिज द्रव्य म्हणजे राखेची १.०८ पट अधिक गंधकाची ०.५५ पट. राख ३० टक्के आणि गंधक ०.५ टक्के असेल, तर खनिजे सुमारे ३२.७ टक्के येतात.

खाणीतला कोळसा साफ करण्याची रूढ रीत म्हणजे धुलाई. शुद्ध कोळशाची सापेक्ष घनता १.३ च्या आसपास, क्वार्ट्‌झची २.६५, तेव्हा मधल्या घनतेच्या द्रवात कोळसा तरंगतो आणि दगड तळाशी जातो. दगड सुटा असेल तोवरच हे जमते. गोंडवन कोळशांत (भारतातला बहुतेक कोळसा याच प्रकारचा) मातीचे सूक्ष्म कण कोळशाच्या अंगातच विखुरलेले असतात. असा तुकडा कितीही फोडला तरी प्रत्येक कणात थोडा कोळसा, थोडी माती राहतेच. वॉशरीचा, म्हणजे धुलाई कारखान्याचा, हात जिथे पोचत नाही, तिथे द्रावण छिद्रांवाटे पोचू शकते.

सर्वांत जास्त अभ्यासली गेलेली पद्धत दोन टप्प्यांची आहे. बारीक दळलेला कोळसा आधी कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात ठेवतात, बहुधा दाबाखाली. क्वार्ट्‌झचे सोडियम सिलिकेट होऊन ते द्रावणात उतरते. मातीचे प्रकरण मात्र वाकडे आहे. तिच्यातले सिलिका आणि ॲल्युमिना विरघळतात खरे, पण सोडियमला धरून सोडियम ॲल्युमिनोसिलिकेटच्या रूपात पुन्हा कोळशावरच बसतात. त्यामुळे या टप्प्यावर नमुना काढून मुशीत जाळला, तर राख कमी होण्याऐवजी वाढलेलीही दिसू शकते. प्रयोग फसलेला नसतो. मूळ माती आम्लाला दाद देत नाही, हे नवे संयुग देते. पुढे सौम्य हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक आम्ल दिले की ते विरघळते आणि राख झपाट्याने उतरते. नुसते आम्ल वापरल्यास कार्बोनेटे आणि लिग्नाइट या कमी प्रतीच्या कोळशात सेंद्रिय भागाला जोडलेले कॅल्शियम, सोडियम निघतात. क्वार्ट्‌झ जागचा हलत नाही.

हायड्रोफ्लोरिक आम्ल सिलिकेटांचा थेट फडशा पाडते, पण काचही खाते आणि माणसाला अत्यंत घातक आहे. कोळशात कॅल्शियम असेल तर अविद्राव्य कॅल्शियम फ्लुओराइड साचते, म्हणून आधी हायड्रोक्लोरिक आम्लाने ते काढून घेतात. पायराइटला हायड्रोफ्लोरिक आम्ल शिवत नाही. त्यासाठी नायट्रिक आम्ल चालते, मात्र ते कोळशाचेही ऑक्सिडीकरण करते. या आम्लांची रीत प्रयोगशाळेपुरतीच बरी.

वितळलेल्या कॉस्टिकमध्ये, म्हणजे ३५० ते ४०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान, खनिजांबरोबर सेंद्रिय गंधकही, म्हणजे कोळशाच्या स्वतःच्या रेणूंत जोडलेला गंधक, बराचसा निघतो. धुलाईला तो कधीच निघत नाही. अमेरिकेतील टीआरडब्ल्यू कंपनीची ‘ग्रॅव्हिमेल्ट’ प्रक्रिया याच तत्त्वावर होती. जपानमध्ये विकसित झालेल्या ‘हायपरकोल’ने उलटा मार्ग धरला: खनिजांऐवजी कोळसाच सेंद्रिय विद्रावकात विरघळवायचा आणि खनिजे गाळून टाकायची. त्यात राख २०० पीपीएमच्या, म्हणजे ०.०२ टक्क्याच्या खाली आणता आली. इतका स्वच्छ कोळसा थेट गॅस टर्बाइनमध्ये जाळावा, अशी त्यामागची कल्पना. ऑस्ट्रेलियात अल्कली आणि आम्लाच्या मार्गानेही त्याच दिशेने काम झाले.

तरीही वीजनिर्मितीच्या कोळशासाठी रासायनिक शुद्धीकरण रुळलेले नाही. कॉस्टिक महाग आहे आणि ते परत मिळवावे लागते. लिग्नाइटसारख्या कमी प्रतीच्या कोळशातील ह्यूमिक आम्ले (कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेली सेंद्रिय आम्ले) अल्कलीत विरघळून कोळसाच वाया जातो. शेवटची धुणी नीट झाली नाहीत तर उरलेला सोडियम राखेचा वितळणांक खाली आणतो आणि ती बॉयलरच्या नळ्यांवर चिकटून बसते. वापरून झालेल्या द्रावणाचाही प्रश्न असतो. त्यात आम्ल ओतले की सिलिका जेलीसारखी थिजते, गाळणीची छिद्रे बुजतात आणि पाणी वरच साचून राहते.