आय-६८६ म्हणजे नक्की कुठला प्रोसेसर? रस्ट आणि जुन्या मशीनची पार्श्वभूमी

देवगडला आमच्या मामांच्या आंब्याच्या पॅकिंग शेडमधे पेंटियम थ्री प्रोसेसरचा एक जुना कॉम्प्युटर अजून चालतोय, सिरीयल पोर्टला वजनकाटा जोडलेला आणि वरून प्लास्टिक, कारण खाऱ्या हवेत कनेक्टर हिरवे पडतात. एप्रिल-मे मधे पेट्यांची सगळी वजनं त्यावरच होतात. मागच्या सीझनच्या आधी मी वजन वाचणाऱ्या पायथन स्क्रिप्टची एक लायब्ररी अपडेट केली आणि स्क्रीनवर फक्त "इल्लीगल इन्स्ट्रक्शन" आलं, म्हणजे प्रोसेसरला न कळणारी आज्ञा. मशीन ठणठणीत होतं, भानगड लायब्ररीत होती, तिचा आतला भाग आता रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलाय.

सी च्या काळात हा प्रश्न फारसा यायचा नाही, जवळपास प्रत्येक प्रोसेसरला जीसीसी हा कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) होताच. रस्टचं १.० मे २०१५ ला आलं आणि त्याचा कंपायलर एलएलव्हीएम नावाच्या तयार पायावर उभा आहे, म्हणजे एलएलव्हीएमला जो प्रोसेसर कळत नाही तिथे रस्टही नाही. फेब्रुवारी २०२१ मधे पायथनच्या एका खूप वापरल्या जाणाऱ्या क्रिप्टोग्राफी लायब्ररीने बिल्डसाठी रस्ट सक्तीचं केलं तेव्हा अल्फा, एचपी-पीए, एम६८के अशा जुन्या प्रोसेसरवाले एकदम उघड्यावर पडले.

आता मूळ गोंधळ. आय-६८६ हे नाव १९९५ च्या पेंटियम प्रोच्या पिढीचं, पेंटियम टू आणि थ्री त्यातच येतात. पण रस्टचं आय-६८६ टार्गेट (कोड कुठल्या प्रोसेसरसाठी बनवायचा ती निवड) एसएसई२ हा प्रोसेसरमधला जादा आज्ञांचा संच गृहीत धरतं आणि एसएसई२ आलं २००० च्या पेंटियम फोरबरोबर. एएमडीच्या अॅथलॉन एक्सपीलाही ते नाही. यामागे कारण आहे, प्रोसेसरच्या जुन्या एक्स८७ युनिटमधे दशांश गणित ८० बिटांत होतं आणि उत्तरं किंचित वेगळी येतात, ते मलाही मान्य आहे. पण मग नाव तरी बदलायचं ना! नाव तेच ठेवून अर्थ पाच वर्षं पुढे सरकवला, त्यामुळे "आय-६८६ चालेल" असं वाचून माणूस विश्वासाने इन्स्टॉल करतो आणि ऐन हंगामाच्या तोंडावर काटा बंद. आय-५८६ नावाचं टार्गेट वेगळं आहे, खऱ्या आय-६८६ वाल्याने ते घ्यायचं, हे बघून कळणार कसं? गो या दुसऱ्या भाषेने हे सरळ केलं, १.१६ आवृत्तीत एक्स८७ काढला आणि एसएसई२ नसलेल्यांना सॉफ्टफ्लोट (हे गणित सॉफ्टवेअरने करणं) घ्या असं स्पष्ट लिहिलं.

पुढचं पटापट झालं. डिसेंबर २०२२ मधे लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नल ६.१ मधे, रस्ट शिरलं. ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी लिनक्सच्या एका जुन्या डिस्ट्रोच्या (तयार संचाच्या) पॅकेज टूलच्या, म्हणजे सॉफ्टवेअर इन्स्टॉल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मेंटेनरने जाहीर केलं की मे २०२६ नंतर रस्ट लागणारच, ज्या पोर्टकडे (एकेका प्रोसेसरसाठीच्या डिस्ट्रोच्या रूपाकडे) नाही त्यांनी सहा महिन्यांत सोय करावी नाहीतर पोर्ट बंद करावं. बाहेरून आलेल्या फाइल्स उलगडणारा कोड मेमरी-सेफ (मेमरीच्या चुकांपासून सुरक्षित) हवा हे त्यांचं म्हणणं खोटं नाही, पण सहा महिने फारच कमी. त्याच डिस्ट्रोच्या ऑगस्ट २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत ३२ बिट पॅकेजेसनाही एसएसई२ लागतं, आणि ३२ बिटचा इन्स्टॉलर तर राहिलाच नाही.

मी शेवटी लॅपटॉपवर आय-५८६ टार्गेट लावून लायब्ररी परत बिल्ड केली, पेनड्राइव्हवर देवगडला नेली आणि काटा सुरू झाला. मशीन त्याच डिस्ट्रोच्या बाराव्या आवृत्तीवर आहे, ते तिथेच राहणार.