पोस्टर लहान केलं म्हणजे कॅप्सूल होत नाही

गेम जवळजवळ तयार असतो, स्टोअरचं पान भरायला घेतलेलं असतं आणि तिथला फॉर्म एकामागून एक वेगवेगळ्या मापांची चित्रं मागत सुटतो. हाताशी एक झकास पोस्टर असतं. मग तेच कापून, दाबून, लोगो एका कोपऱ्यात चिकटवून सगळे रकाने भरले जातात. मीही एका गेमच्या वेळी हेच केलं होतं. अर्ध्या तासात काम उरकलं म्हणून खूश होतो, आणि पुढचे कित्येक आठवडे गेमच्या पानावर कुणी का फिरकत नाही याची कारणं भलतीकडेच शोधत होतो.

घोटाळा होतो तो की-आर्ट आणि थंबनेल या दोघांत. की-आर्ट म्हणजे गेमचं मुख्य चित्र, वर म्हटलेलं पोस्टर. ट्रेलरच्या शेवटी, पत्रकारांसाठीच्या प्रेस किटमध्ये, बातमीच्या वर, प्रदर्शनात स्टॉलच्या मागच्या फलकावर लागतं ते. थंबनेल म्हणजे दुकानाच्या रांगेत इतर शंभर गेम्सच्या गर्दीत दिसणारा छोटा चौकोन. स्टीम या पीसी गेम्सच्या ऑनलाइन दुकानात त्याला कॅप्सूल म्हणतात. दोन्हीकडे तीच पात्रं, तेच रंग, बहुतेकदा चित्रकारही एकच. म्हणून एक म्हणजे दुसऱ्याची छोटी आवृत्ती, असं वाटून जातं. पण पोस्टरसमोर उभा असलेला माणूस आधीच थांबलेला असतो. कॅप्सूलवरून ज्याची नजर जाते तो स्क्रोल करत असतो, आणि त्याला थांबवायचं हेच तर तिचं काम.

माझं पोस्टर ३८४० × २१६० पिक्सेलांचं होतं. रात्र, खवळलेला समुद्र, उजवीकडे खडकावर दीपगृह, त्याच्या पायऱ्यांवर कंदील घेतलेला रखवालदार आणि डावीकडे लांब बुडत चाललेलं जहाज. रखवालदार मुद्दाम लहान काढला होता, जेमतेम ४०० पिक्सेल उंच, कारण समुद्र अफाट वाटायला हवा होता. पूर्ण स्क्रीनवर तो वाटायचाही. आता हे चित्र स्टीमच्या हेडर कॅप्सूलमध्ये घाला. तिचं पानावरचं मूळ माप ४६० × २१५. रुंदी आठपटींहून जास्त घटली आणि रखवालदार ४८ पिक्सेलांचा झाला. स्मॉल कॅप्सूल सर्वांत लहान जिथे दिसते तिथे तिचं माप १२० × ४५ असतं. तिथे हा माणूस बारा पिक्सेल उरतो. कंदील म्हणजे एक पिवळट ठिपका. जहाज बुडायची वाट न पाहताच नाहीसं झालेलं. हिशेबच मांडायचा तर १२० × ४५ म्हणजे ५,४०० पिक्सेल आणि मूळ पोस्टरात ८२,९४,४००. भागाकार बरोबर १,५३६ येतो. म्हणजे मी प्रेमाने रंगवलेल्या दर दीड हजार पिक्सेलांच्या वाट्याला तिथे एकच पिक्सेल.

बरं, नुसतं लहान होऊन भागत नाही, आकारही बदलतो. पोस्टर १६:९. हेडर कॅप्सूल त्याहून आडवी, स्मॉल कॅप्सूल आणखी पसरट, तर व्हर्टिकल कॅप्सूल ३७४ × ४४८, म्हणजे उभी. (सध्या स्टीम ही सगळी चित्रं दुप्पट मापात मागतं, हेडर ९२० × ४३० वगैरे, पण प्रमाण तेच.) लायब्ररीतली, म्हणजे विकत घेतलेल्या गेम्सच्या यादीतली, कॅप्सूल तर ६०० × ९००. माझ्या पोस्टरातून पूर्ण उंचीचा तसा तुकडा कापला तर ३८४० पैकी फक्त १,४४० पिक्सेल रुंदी हाती लागते. दीपगृह घ्यायचं की जहाज? या दोघांमधल्या रिकाम्या समुद्रावरच तर सगळं पोस्टर उभं होतं.

शिवाय स्टीमचं पान गडद निळसर आहे आणि माझी रात्रही गडद निळसर. कॅप्सूलच्या कडा पानात विरघळून गेल्या. पोस्टरात अंधार हा मूड असतो. कॅप्सूलमध्ये तो बहुधा भोक पडल्यासारखा दिसतो.

या चुका तरी नजरेला कळण्यासारख्या होत्या. खरी चूक एका मैत्रिणीने दाखवली. तिला मी रांगेतला स्क्रीनशॉट दाखवून विचारलं, यातला माझा गेम कशाबद्दल असेल? ती म्हणाली, भुताचा असेल, किंवा एकटं भटकण्याचा. माझा गेम होता पत्त्यांचा. डेक जमवायचा, हातातले पत्ते टाकून जहाजं वाचवायची. आणि अख्ख्या चित्रात एकही पत्ता नव्हता! पोस्टरात ते चाललं असतं, कारण पोस्टरच्या आसपास कुणीतरी चार ओळी लिहिलेल्या असतात. कॅप्सूलच्या आसपास असतात फक्त शेजारी. पत्त्यांचे गेम आवडणारा माणूस माझ्यावरून सरळ पुढे जात होता, आणि भुताचा गेम हवा असलेला आत येऊन निराश होऊन परतत होता.

दुसऱ्या खेपेला समुद्र, जहाज, पायऱ्या सगळं काढून टाकलं. रखवालदार छातीपासून वर, एका हातात चेहऱ्याजवळ धरलेला कंदील, दुसऱ्या हातात पंख्यासारखे पसरलेले पाच पत्ते. उजेड फक्त चेहरा आणि पत्ते यांच्यावर. मागे सपाट हिरवट रंग, पानाच्या रंगापेक्षा चांगलाच उजळ. चित्र काळं-पांढरं करून पाहिलं तेव्हाही चेहरा आणि पत्ते मागच्यापासून सुटे दिसत होते, तेव्हा कुठे रंगांना हात लावला. पोस्टर म्हणून हे चित्र बेताचंच आहे, हे मान्य. भिंतीवर लावावंसं ते मलाही वाटत नाही.

लोगोच्या बाबतीत तर दोघांचं अजिबात पटत नाही. पोस्टरवर लोगो सहीसारखा चालतो, एका बाजूला, नाजूक. माझ्या अक्षरांना लाटांसारख्या बारीक शेपट्या होत्या. कॅप्सूलमध्ये नाव वाचता आलंच पाहिजे, आणि स्मॉल कॅप्सूलमध्ये तर लोगोने जवळपास सगळी जागा व्यापावी असं स्टीमचंच मार्गदर्शन आहे. ४५ पिक्सेल उंचीत दोन ओळी बसवल्या की एका ओळीला वीसेक पिक्सेल मिळतात. त्यात शेपट्या गेल्या, जाड अक्षरं आली. रखवालदाराचंही तिथे फक्त अर्धं डोकं उरलं. वाईट वाटलं, पण ठेवलं तसंच.

नियमांचाही फरक आहे. पोस्टरवर तुम्ही पुरस्काराचं चिन्ह लावा, कौतुकाची ओळ छापा, कुणी अडवत नाही. स्टीमने मात्र १ सप्टेंबर २०२२ पासून कॅप्सूलवर गेमचं चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच ठेवलं आहे. परीक्षणांचे गुण, पुरस्कारांची चिन्हं, सवलतीची जाहिरात, सगळं बंद. मोठा अपडेट आला तर त्याचं नाव असलेलं चित्र काही काळापुरतं वेगळं चढवता येतं. मला हा नियम मनापासून आवडतो. त्याआधीच्या काही कॅप्सूल म्हणजे निवडणुकीची पत्रकं वाटायची.

इतर दुकानांबद्दल थोडक्यात. इच डॉट आयओला ६३० × ५०० चं कव्हर लागतं आणि ते हलणारं जिफही चालतं. म्हणून तिथे पत्ता टाकतानाची दोन सेकंदं दाखवली की निम्मं काम होतं. गूगल प्लेवर ५१२ × ५१२ च्या आयकॉनमध्ये नाव कोंबायच्या भानगडीत पडू नका, नाव शेजारी लिहिलेलं असतंच. तिथे दोन आयकॉन एकाच वेळी वेगवेगळ्या लोकांना दाखवून तुलना करायची सोयही आहे, ती जरूर वापरा.

चित्रकाराला काम देताना ही दोन कामं दोन म्हणूनच सांगावीत. एकाच फाइलमध्ये पात्र, पार्श्वभूमी आणि लोगो वेगळ्या लेयरवर मागावेत, आणि पात्रामागचा झाकलेला भागही रंगवून घ्यावा, नाहीतर पात्र सरकवलं की मागे खिंडार दिसतं. पैसे एकाच चित्रापुरते असतील तर मी डोळे झाकून कॅप्सूल आधी करून घेईन. लहान चित्रातलं पात्र आणि रचना वाढवत मोठ्याकडे जाता येतं. उलट दिशेने जाताना काय होतं ते वर पाहिलंच. काहींचा क्रम उलटा असतो, आधी पोस्टर करून जगाचा सूर सापडतो म्हणतात. सूर सापडत असेल तर सापडू दे. फक्त त्या पोस्टरला कात्री लावून कॅप्सूल काढू नका.

क्लिक वाढले म्हणजे कॅप्सूल जमली असंही लगेच समजू नये. माझ्या गेमपेक्षा दसपट देखणा गेम सुचवणारं चित्र लावून क्लिक मिळतात. विशलिस्टचा, म्हणजे नंतर घ्यायचा म्हणून गेम यादीत टाकणाऱ्यांचा, आकडा मात्र हलत नाही. स्टीमवर खरेदी झालीच तरी १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून माणूस पैसे परत मागू शकतो. म्हणून मी क्लिकचा आकडा एकटा कधी बघत नाही, आलेल्यांपैकी किती जणांनी विशलिस्टमध्ये टाकला तेही शेजारी ठेवतो.

आणि ते जुनं पोस्टर? स्टीमच्या लायब्ररीत, गेम विकत घेतलेल्याच्या पानावर, वर एक रुंद पट्टा असतो, ३८४० × १२४०. त्यावर अक्षरं नकोत असा नियम आहे, लोगो वेगळा चढवायचा असतो. खिडकी लहान केली की कडा कापल्या जातात, म्हणून महत्त्वाचं ते मधल्या ८६० × ३८० मध्ये ठेवायचं. रुंदी माझ्या पोस्टराइतकीच निघाली. वरचं आभाळ आणि खालचे खडक कापले, दीपगृह आणि रखवालदार थोडे आत घेतले, जहाज मधोमध ओढलं. तिथे पोचलेला माणूस पैसे देऊन, गेम उतरायची वाट पाहत बसलेला असतो. जहाज बुडताना पाहायला त्याच्याकडे वेळच वेळ असतो.