मुठा कालव्याकाठचा मुरमाचा रस्ता : पार्श्वभूमी

मोटारींचा त्रास नसलेला, सलग काही किलोमीटर चालणारा कच्चा रस्ता पुण्यात शोधायला निघालेला सायकलस्वार बहुधा मुठा उजव्या कालव्याच्या भरावावर येऊन पोचतो. हा रस्ता सायकलसाठी कोणी केलेला नाही. कालव्याची पाहणी आणि दुरुस्ती करता यावी म्हणून ठेवलेला तो सेवारस्ता आहे. तो सपाट का, मध्येच तुटतो का आणि पुढे टिकेल का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पाण्याच्या इतिहासात सापडतात.

पुणे लष्कर आणि खडकी छावणीला पाणी हवे होते, पुण्याच्या पूर्वेकडचा पट्टा सतत अवर्षणाचा होता. या दोन गरजांतून १८६०च्या दशकात फाइफ या लष्करी अभियंत्याने मुठेवर धरणाची योजना मांडली. खडकवासल्याचे दगडी धरण १८७९ च्या सुमारास पुरे झाले. जलाशयाला इंग्रज ‘लेक फाइफ’ म्हणत. धरणातून दोन कालवे निघाले. डावा सुमारे २९ किलोमीटरचा, वारजे-एरंडवण्याच्या बाजूने खडकीकडे जाणारा. उजवा सुमारे ११२ किलोमीटरचा, पर्वतीच्या पायथ्याने, लष्कर-हडपसर ओलांडून पाटसच्या दिशेने जाणारा. यवतजवळचा माटोबा तलाव याच उजव्या कालव्याच्या पाण्यावर भरत आला आहे.

पाणी नुसत्या उताराने न्यायचे तर कालवा समपातळी रेषेला धरूनच खोदावा लागतो. अशा मातीच्या कालव्यांचा उतार किलोमीटरला फूटभर किंवा त्याहूनही कमी असतो, म्हणून भरावावरून जाताना चढ जवळजवळ लागतच नाही. त्याची किंमत वळणांत मोजावी लागते. प्रत्येक ओढ्यापाशी कालवा आत शिरतो आणि पलीकडच्या अंगाने बाहेर येतो. नकाशावर पाच किलोमीटर वाटणारे अंतर प्रत्यक्षात सात-आठ भरू शकते. मोठ्या ओढ्यावरून पाणी जलसेतूने जाते. तिथे सेवारस्ता अरुंद होतो किंवा संपतो, मग सायकल उचलून कठड्याकडेने न्यावी लागते किंवा ओढ्यात उतरून वर यावे लागते. कालवा भरावावर असेल तिथे रस्ता कोरडा आणि घट्ट असतो. खोदाईतल्या टप्प्यात वरच्या बाजूची माती पावसात घसरून रस्त्यावर येते आणि महिनाभर तशीच पडून राहते.

वरचा थर मुरमाचा. मुरूम म्हणजे झिजलेला काळा दगड. त्यात थोडी चिकण माती असली की पाणी मारून रोलर फिरवल्यावर तो चांगला बसतो. माती कमी पडली तर उन्हाळ्यात वरचे खडे सुटतात, कोपऱ्यावर चाक घसरते आणि सरळ टप्प्यात आडव्या लाटा उठतात. माती जास्त झाली तर पहिल्याच पावसात रस्ता निसरडा होतो. चांगला बसलेला मुरूम पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी चालवण्याजोगा असतो. हडपसरच्या पुढे मात्र मध्येमध्ये काळी माती उघडी पडलेली आहे. ती ओली असताना चाक आणि फोर्क यांच्यामधली जागा भरते आणि सायकल ढकलतासुद्धा येत नाही. तिथे निदान दोन दिवसांचे ऊन पडू द्यावे. जोर लावून रेटल्यास मागचा डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) वाकतो किंवा तो ज्यावर टांगलेला असतो तो हँगर तुटतो.

या रस्त्यावर सायकली आल्या त्या ग्रॅव्हल, म्हणजे कच्च्या रस्त्यासाठीची सायकल, हा प्रकार बाजारात येण्याच्या कितीतरी आधी. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये २००६ साली सुरू झालेल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीमुळे रुंद टायरच्या, वळलेल्या हँडलच्या सायकलींची हवा झाली. पण दूधवाला, पाटकरी आणि कामगार वापरत आलेल्या काळ्या सायकलीचा २८ × १½ इंची टायर मुळातच सुमारे ४० मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे आज ग्रॅव्हलचा म्हणून विकला जातो तेवढाच. फरक रिमचा: काळ्या सायकलीच्या रिमचा टायर-बैठकीचा व्यास ६३५ मिलिमीटर, ७००सीचा (ग्रॅव्हल सायकलींच्या नेहमीच्या मापाचा) ६२२. हे टायर एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत, म्हणून वाटेतल्या गावच्या दुकानात ७००सीचा टायर मिळेल या भरवशावर निघू नये.

सत्तर किलो वजनाच्या माणसाने ४० मिलिमीटरच्या ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरमधला हवेचा दाब पुढे ३० आणि मागे ३३ पीएसआयच्या आसपास ठेवावा. ट्यूब असेल तर ४०च्या खाली जाऊ नये. धारदार दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटली जाते आणि दोन भोके पडतात. भरावाच्या कडेला वेडी बाभूळ आणि सराटे आहेत. प्रत्येक ट्यूबलेस टायरात ६० मिलिलिटर सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) घालावे आणि उन्हाळ्यात दोन महिन्यांनी तपासावे, कारण आपल्याकडच्या उष्णतेत ते लवकर सुकते. टोचलेला काटा जागेवरच उपटू नये. चाक फिरवून काट्याची जागा खाली आणावी, म्हणजे सीलंट तिथे साचते, मगच काढावा.

१२ जुलै १९६१ रोजी खडकवासल्याच्या वरचे पानशेत धरण फुटले आणि त्याच लोंढ्यात खडकवासलाही फुटले. नंतरच्या काळात नवा उजवा कालवा झाला, सुमारे २०२ किलोमीटरचा, इंदापूरपर्यंत. हडपसरच्या पुढे जुना कालवा वेगळा राहिला. शेतकरी त्याला ‘बेबी कालवा’ म्हणतात. आता त्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पंप बसवलेल्या विहिरीतून) उचललेले शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडले जाते. त्याच्या काठाने जाणाऱ्याने हात किंवा बाटली त्या पाण्यात धुऊ नये.

डाव्या कालव्याचे शहरातले पाणी पुढे बंद झाले. कर्वेनगरात आणि लॉ कॉलेजच्या परिसरात ‘कॅनॉल रोड’ अशी पाटी दिसते ती त्याचीच खूण. पाणी होते तोवर ती जमीन पाटबंधारे खात्याच्या ताब्यात आणि मोकळी होती. पाणी गेल्यावर तिथे मोटारींचे रस्ते झाले. पुण्यातल्या कच्च्या वाटांबद्दल बोलताना ही गोष्ट सर्वात आधी सांगायला हवी.

उजवा कालवा वाचला तो वाहता राहिल्यामुळे. भरावावरचा रस्ता हा बांधाचाच माथा असतो; जड वाहनांनी तो दबतो, त्याला भेगा जातात आणि पाणी झिरपायला वाट मिळते. म्हणून फाटके आणि खांब लावून वाहने अडवली जातात. १८७९चा मुंबई पाटबंधारे कायदा आणि त्याच्या जागी आलेला १९७६चा महाराष्ट्राचा कायदा, दोन्हींत कालव्याच्या बांधावरून होणारी ये-जा रोखण्याची सोय आहे. हा सार्वजनिक रस्ता नव्हे. कर्मचाऱ्याने उतरायला सांगितले तर उतरावे. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडण्याची पाळी, सुरू असताना कालवा काठोकाठ असतो, तेव्हा काँक्रीट अस्तराच्या उतारावर पाय ठेवू नये; शेवाळामुळे पडलेल्या माणसाला वर येता येत नाही.

बांध किती नाजूक असतो ते २७ सप्टेंबर २०१८ला दिसले. जनता वसाहतीजवळ कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाच्या परिसरातल्या घरांत पाणी घुसले. घुशी आणि खेकड्यांची बिळे, झाडांची मुळे, बांधात खणून टाकलेल्या केबल यांपैकी कशानेही मातीच्या बांधात आतून पोकळी तयार होऊ शकते. ओलसर डाग, खचलेला खड्डा किंवा बांधाच्या बाहेरच्या बाजूने येणारे गढूळ पाणी दिसले तर खात्याला कळवावे. अशा जागी रोज जाणारे डोळे सायकलवाल्यांचेच असतात.

पर्वती ते लष्कर हा टप्पा आता सायकलीच्या कामाचा राहिलेला नाही. घरे भिंतीला टेकली आहेत, दुचाकींची रहदारी आहे. खडकवासला-धायरीकडचा आणि हडपसरच्या पलीकडचा भाग अजून बरा. वेताळ टेकडीवरच्या वाटांमागे दगडखाणींचा आणि वनखात्याचा इतिहास आहे, तो वेगळा विषय. सलग लांब पल्ला हवा असेल तर नीरा डाव्या कालव्याकडे जावे.

खडकवासला ते फुरसुंगी पाणी बोगद्यातून नेण्याचा प्रकल्प आता पुढे आला आहे. गळती, चोरी आणि प्रदूषण थांबवायला तो उपयोगी आहे, यात शंका नाही. पण बोगदा झाला की शहरातला उघडा कालवा कोरडा पडेल आणि डाव्या कालव्याच्या जमिनीचे जे झाले त्याचीच मागणी इथेही होईल. सायकलस्वारांनी आणि चालणाऱ्यांनी आपले म्हणणे विकास आराखड्यावर हरकती-सूचनांची मुदत असतानाच लेखी द्यायला हवे: बांधाचा माथा किमान साडेतीन मीटर रुंदीचा, मुरमाचा, दोन्ही तोंडांना दीड मीटर अंतरावर खांब लावलेला, आणि ओढ्यांवरचे जुने जलसेतू न पाडता पायी व सायकलने ओलांडता येतील असे कठडे बसवून राखलेले.