पुनर्जन्म आणि पुनर्भव: दोन वेगळी अनुमाने

पुनर्जन्म तर्काला पटतो का, हा वाद निघाला की न्यायदर्शन (तर्कावर भर देणारे वैदिक परंपरेतले दर्शन) आणि बौद्ध एकाच दावणीला बांधले जातात. मग एकाचे खंडन झाले की दुसराही खोडला गेला असे वाटते. प्रत्यक्षात दोघांची अनुमाने वेगळी आहेत आणि ती अडतातही वेगळ्या जागी.

नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचा, आत्मा नित्य आहे. जुनी वस्त्रे टाकून नवी नेसण्याची गीतेतली उपमा त्यालाच लागू पडते. बौद्धांकडे वस्त्रे बदलणारा कोणी नाहीच; म्हणून ते 'पुनर्भव', म्हणजे पुन्हा होणे, म्हणतात. 'मिलिंदपञ्ह' या पाली संवादग्रंथात भिक्षू नागसेन दिव्यावरून दिवा लावण्याचा दाखला देतो: पहिल्या ज्योतीतून काही उचलून नेले नाही, तरी दुसरी पेटली ती पहिलीमुळेच.

न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातला गाजलेला हेतू (अनुमानाचा आधार) म्हणजे स्तन्याभिलाष, दुधाची ओढ. नवजात बाळ दुधाकडे झेपावते. इच्छा पूर्वानुभवाच्या स्मृतीतून येते. या जन्मी तो अनुभव नाही, म्हणून तो मागच्या जन्मीचा. लोखंड चुंबकाकडे जाते तसे हे का नसावे, हा आक्षेपही सूत्रांतच आहे. उत्तर असे की लोखंडही भलतीकडे जात नाही, म्हणजे तिथेही नियत कारण आहेच. पण ते कारण स्मृतीच असले पाहिजे, ही व्याप्ती (अटळ संबंध) सिद्ध होत नाही. चोखणे ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. चोखणे, गिळणे आणि श्वास यांचा मेळ गर्भाच्या साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसतो. त्याच्या बऱ्याच आधी जन्मलेल्या बाळाला बहुधा नळीने दूध द्यावे लागते. 'आत्मा होता, साधन तयार नव्हते,' असे नैयायिक म्हणू शकेल. पण साधनानेच सगळा उलगडा होत असेल, तर न्यायदर्शनाच्याच लाघवाच्या नियमाने (कमीत कमी गोष्टी गृहीत धराव्यात) स्मृतीची गरज उरत नाही.

बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्तीच्या 'प्रमाणवार्तिका'तला युक्तिवाद याने हलत नाही. त्याचा भर उपादान कारणावर, म्हणजे वस्तू ज्यातून घडते त्यावर, आहे: घड्याचे उपादान माती, कुंभार सहकारी, तसे ज्ञानाचे उपादान आधीचे ज्ञान, शरीर सहकारी. म्हणून जन्मक्षणीच्या ज्ञानाआधीही ज्ञान हवे. इथे उपयोगी पडतो भौतिकवादी चार्वाकांचा आक्षेप: धान्यात मद (नशा) नसतो, आंबवले की येतो; तसेच शरीरातून ज्ञान. मेंदूतून अनुभव कसा उपजतो याचा सर्वमान्य उलगडा आजही नाही, त्यामुळे धर्मकीर्तीचा युक्तिवाद मला न्यायदर्शनाच्या युक्तिवादापेक्षा चिवट वाटतो. मात्र 'ज्ञान फक्त ज्ञानातूनच' हे गृहीतक तेवढ्याने सिद्ध होत नाही.

कर्मफल वाया जाऊ नये, हा दोघांचाही आधार. पण जग न्याय्य आहे हे तिथे आधीच मानलेले असते.

बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) या ग्रंथात 'पुनर्जन्म कशाचा?' आणि 'कोणाचा?' हे प्रश्न वेगळे केले आहेत: महाभूते (पृथ्वी, आप, तेज, वायू) पुन्हा एकत्र येतात, आत्मा नव्हे. महाराष्ट्रातल्या बौद्धाशी चर्चा करताना धर्मकीर्तीचे मतही गृहीत धरू नये.