चेक इंजिनचा दिवा आणि विनाकारण बदललेले सेन्सर

डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की आपल्याकडे पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: "सेन्सर गेला." एका मित्राच्या महागड्या एसयूव्हीत हेच झालं. व्ही आकाराचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. गॅरेजनं दोन्ही बाजूंचे ऑक्सिजन सेन्सर बदलले, डोळे पांढरे होतील असं बिल दिलं आणि थोड्याच दिवसांत दिवा पुन्हा हजर! गाडीच्या संगणकातले दोषाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर कोडही तेच, पी ०१७१ आणि पी ०१७४. दोन्हींचा अर्थ एवढाच, की इंजिनच्या दोन्ही बाजूंना हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. सेन्सर बिघडल्याचा उल्लेख त्यात कुठेच नव्हता. तक्रार खरी होती, गॅरेजनं तक्रारदारालाच काढून टाकलं.

हा तक्रारदार, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर, मात्र भारी आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण काटेकोर पाळावं लागतं ते धुरातले विषारी वायू निरुपद्रवी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे. कार्बन मोनॉक्साइडला ऑक्सिजन द्यायचा आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांकडून तो काढून घ्यायचा, ही दोन्ही कामं एकाच वेळी या प्रमाणाच्या अगदी आसपासच जमतात. ते प्रमाण राखण्यासाठी बॉश कंपनीनं बनवलेला हा सेन्सर, त्याचंच दुसरं नाव लॅम्डा सेन्सर, १९७६ मध्ये व्होल्वोच्या अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांत पहिल्यांदा बसला.

त्याच्या आत असते झिर्कोनिया या सिरॅमिकची, एका टोकाला बंद असलेली छोटी नळी. नळीच्या आत साधी हवा, बाहेर इंजिनचा धूर आणि दोन्ही पृष्ठभागांवर प्लॅटिनमचा सच्छिद्र थर. झिर्कोनियात थोडं इट्रियम मिसळलेलं असतं. झिर्कोनियमचा भार +४, इट्रियमचा +३. त्यामुळे दर दोन इट्रियममागे स्फटिकात ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. सिरॅमिक ३०० अंशांच्या वर तापलं की ऑक्सिजनचे आयन या रिकाम्या जागांतून उड्या मारत सरकू लागतात. इलेक्ट्रॉनांना मात्र ती वाट बंद. म्हणून दोन बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये फरक असला की व्होल्टेज तयार होतं.

किती? नेर्न्स्टच्या समीकरणानुसार ते दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमवर अवलंबून असतं. ६०० अंशांना दर दहापटीमागे साधारण ४३ मिलिव्होल्ट. हवेत ऑक्सिजन २१ टक्के आणि धुरात २.१ टक्के असेल तर फरक एका दहापटीचा, म्हणजे फक्त ४३ मिलिव्होल्ट. पण पेट्रोल जरा जास्त झालं, की प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर उरलासुरला ऑक्सिजनही जळून जातो आणि त्याचा दाब वातावरणाच्या १० चा उणे २० वा घात इतका खाली कोसळतो. एकोणीसहून जास्त दहापटी! व्होल्टेज थेट ०.८४ च्या घरात. मिश्रणातला फरक चिमूटभर, उडी वीसपट. नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर बहुधा वाइडबँड असतो, त्यात ऑक्सिजन इकडून तिकडे ढकलणारा आणखी एक घट असतो, पण पाया हाच.

हे व्होल्टेज बघून गाडीचा संगणक पेट्रोल कमीजास्त करत राहतो. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात. ती वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत वाढवूनही भागत नाही आणि सलग दोन फेऱ्यांत (इंजिन सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत एक फेरी) तेच घडतं, तेव्हा दिवा लागतो. गाडीनं स्वतःच स्वतःचे दोष शोधण्याची ही ओबीडी-२ पद्धत अमेरिकेत १९९६ पासून सक्तीची आहे, आपल्याकडे २०१३ पासून.

आता निदान. दोन्ही बाजूंना एकच तक्रार, म्हणजे दुखणं दोघींना सामाईक जागी असणार. दुसऱ्या एका जाणत्या मेकॅनिकनं इंजिन चालू ठेवून ट्रिमचे आकडे पाहिले. आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता इंजिन नुसतं चालू असताना, ते चांगलेच चढलेले, ॲक्सिलरेटर देऊन आरपीएम अडीच हजारांवर नेताच बरेच खाली आले. पेट्रोल पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर नेमकं उलटं दिसलं असतं, कारण जास्त पेट्रोल लागतं ते जोर दिल्यावर. चोरवाटेनं शिरणारी हवा मात्र आयडलिंगला एकूण हवेचा मोठा हिस्सा असते, आरपीएम वाढला की तो हिस्सा नगण्य होतो.

मग त्यानं कान दिला. बारीक शिट्टी ऐकू येत होती. ऑइलचं झाकण ओढलं तर ते निघता निघेना, आतून जबर ओढ होती. निघालं आणि शिट्टी बंद. पिस्टनच्या कडांतून निसटलेले वायू पुन्हा जळायला पाठवणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हचा रबरी पडदा उष्णतेनं कडक होऊन फाटला होता. त्याच्या श्वासछिद्रातून हवा थेट आत जात होती, हवा मोजणाऱ्या मीटरला चकवून. पडदा तळहातात मावेल एवढा, पण या इंजिनात तो व्हॉल्व्ह कव्हरमध्येच बसवलेला, म्हणून अख्खं कव्हर बदलावं लागलं. महागड्या गाड्यांची ही खोड मला तरी उद्धटपणाचीच वाटते.

स्कॅनर ज्यात जोडतात त्याच ओबीडी सॉकेटमध्ये खोचायचे, मायलेज वाढवण्याची हमी देणारे प्लग ऑनलाइन मिळतात. त्यातले कित्येक उघडले तर आत लुकलुकणाऱ्या एलईडींपलीकडे काही नसतं. बंपरखालच्या लिंबू-मिरचीचा परिणाम तेवढाच, ती निदान स्वस्त तरी पडते. बॅटरीची वायर काढून दिवा विझवण्यातही शहाणपण नाही. कोड उमटला त्या क्षणाचा वेग, तापमान आणि ट्रिम यांची नोंद त्यात पुसली जाऊ शकते, आणि मेकॅनिकला तीच हवी असते. दोष खरोखर गेला असेल तर सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो.

दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा बहुधा मिसफायर होत असतो: न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली सिरॅमिक जाळी वितळू शकते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा लेप असतो. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा, गाडी बाजूला घ्या आणि टो करूनच गॅरेजला न्या.