पार्श्वभूमी : नाणे आधी उडवायचे की आधी मोजायचे?

दहावीला एका घटनेची संभाव्यता काढायची म्हणजे एक अपूर्णांक मांडायचा. फाशावर सम संख्या : ३/६. पत्त्यांतून एक्का : ४/५२. इथवर सगळ्यांनाच येते. पण हा अपूर्णांक एका अटीवर उभा आहे : निष्पत्ती, म्हणजे प्रयोगाचे शक्य निकाल, ‘समसंभाव्य’ हव्यात, म्हणजे प्रत्येकाची शक्यता सारखी हवी. ही अट मुले एकदा वाचतात आणि पुढे सरकतात.

विषयाचा जन्म जुगारातला. सोळाव्या शतकातल्या एका इटालियन वैद्याने फाशांवर पुस्तक लिहिले, ते छापून आले १६६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर ८७ वर्षांनी. दरम्यान १६५४ मध्ये दोन फ्रेंच गणितज्ञांनी पत्रांतून, अर्ध्यावर थांबलेल्या खेळातली रक्कम कशी वाटायची, याचा हिशेब लावला होता. ‘अनुकूल भागिले एकूण’ ही व्याख्या एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पक्की झाली.

मधली एक चूक मात्र आजही वर्गात दिसते. १७५४ साली फ्रान्समधल्या एका प्रतिष्ठित विश्वकोशात एका नामांकित गणितज्ञाने लिहिले की दोन फेकींत निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता २/३ आहे. त्याचे म्हणणे असे : पहिल्यांदाच छापा पडला तर खेळ संपला, नाहीतर काटा-छापा किंवा काटा-काटा. तीन शक्यता, दोन अनुकूल. उत्तर ३/४ हवे, कारण त्या तीन शक्यता सारख्या वजनाच्या नाहीत. पहिलीचे वजन १/२, उरलेल्या दोघींचे १/४-१/४. एवढा मोठा माणूस अडखळला, तर चौदा वर्षांच्या मुलाला का रागवावे?

शिवाय ‘समसंभाव्य’ या शब्दातच ‘संभाव्य’ दडलेला आहे. संभाव्यतेची व्याख्या करायला संभाव्यताच वापरायची. १९३३ साली आलेल्या मांडणीने संभाव्यता थेट गृहीतकांवर उभी केली आणि हा पेच टाळला, पण ती मांडणी शाळेच्या कामाची नाही.

शाळेसाठी दुसरी वाट होती : आधी फेकून पाहा. २००६ साली केंद्रीय अभ्यासक्रमाच्या नववीच्या पुस्तकात ती आली. मुलांनी नाणी उडवायची, नोंदी ठेवायच्या, मग गुणोत्तर काढायचे. त्यातले एक उदाहरण नाण्या-फाशांच्या पलीकडचे होते : हवामान केंद्राचा अंदाज २५० दिवसांपैकी १७५ दिवस बरोबर ठरला, म्हणजे ०.७. इथे समसंभाव्य निष्पत्ती मोजायच्या तरी कोणत्या? उत्तर नोंदवहीतूनच येते. दहावीच्या पुस्तकात याच विषयाच्या प्रकरणाच्या सुरुवातीला जुन्या प्रयोगांचे आकडेही होते : ४,०४० फेकींत २,०४८ छापे, २४,००० फेकींत १२,०१२.

२०२२ मध्ये, कोरोनानंतर भार हलका करायचा म्हणून, नववीचे ते अख्खे प्रकरण गाळले गेले. वेळ वाचला हे खरे. पण त्यानंतर मूल थेट मोजणीवर येऊ लागले, आणि १/२ हा अनुभव न राहता नियम झाला.

आपल्या राज्याचे २०१८ चे दहावीचे पुस्तक मोजणीचीच वाट धरते : यादृच्छिक प्रयोग (ज्याचा निकाल आधी सांगता येत नाही), निष्पत्ती, नमुना अवकाश (सगळ्या निष्पत्तींचा संच), घटना. शब्दांची अडचण वेगळीच. ‘अवकाश’ म्हटले की यान डोळ्यांपुढे येते. ‘घटना’ म्हणजे एक तर घडून गेलेली गोष्ट, नाहीतर राज्यघटना. इथे मात्र ती अजून घडलेलीही नसते, निष्पत्तींचा नुसता संच असतो.

पटावर कवड्या फेकणाऱ्यांच्या घरात ‘समसंभाव्य’ या अटीतली गोम आजीलाही ठाऊक असते. कवडीला बाजू दोनच, उताणी आणि पालथी. म्हणून सूत्रात घालून १/२ लिहिता येईल, पण कवडी काही नाण्यासारखी चपटी नाही. तिचे खरे गुणोत्तर हवे असेल तर ती दोनशे वेळा फेकून पाहावी लागते, आणि दुसरी कवडी घेतली की पुन्हा पहिल्यापासून.